निळूभाऊंना आपण वाड्यातच डांबून ठेवलं का?

शेवटची रांग

कुठलंही गॅदरिंग असो, निळू फुल्यांची नक्कल ठरलेली. मान तिरकी, डोळे बारीक, आवाज घोगरा आणि ते एक वाक्य, "बाई, वाड्यावर या." की टाळ्या. माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांना निळूभाऊ म्हणजे एवढेच माहीत आहेत. त्यांना तरी काय बोल लावायचा? आमच्या पिढीनेही दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी जो पाटील दिसायचा त्यापलीकडे फारसं बघितलं नाही.

सध्या 'सिंहासन' (१९७९) परत बघतोय. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, शिवाय सतीश दुभाषी, दत्ता भट, मधुकर तोरडमल. सगळे बोलतायत, डाव टाकतायत, आणि निळूभाऊंचा दिगू टिपणीस नुसता ऐकतोय. पत्रकार आहे, ऐकणं हेच काम. कित्येक प्रसंगांत त्याच्या वाट्याला धड वाक्यही नाही, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. चारच वर्षं आधी 'सामना'त हाच माणूस हिंदुराव धोंडे पाटील होता. हिंदुराव खोलीत शिरला की बाकीच्यांना जागा उरत नाही. दिगू खोलीत आहे हे इतरांच्या लक्षातही येत नाही. दोन्ही सिनेमे जब्बार पटेलांचे, दोन्ही पटकथा तेंडुलकरांच्या, चेहराही तोच. मग हे केलं कसं?

तर तुम्हाला विचारायचंय : जुना मराठी सिनेमा बघताना कुठल्या कलाकाराकडे असं नव्याने बघितलंत? कशात? नुसती नावं टाकू नका, काय दिसलं ते लिहा.

अट एकच. गाण्यांवर घसरायचं नाही.

गुळपोळी

मराठी सिनेमाचा धागा आणि गाणी नकोत? हे म्हणजे लग्नाला या पण पंगतीत बसू नका असं झालं. बघते किती वेळ टिकते तुमची अट.

मारुतीचा मावसभाऊ

ते सगळं राहू दे. आधी सांगा, 'सामना'तल्या मारुती कांबळेचं काय झालं?

वऱ्हाडी ठेचा

@मारुतीचा मावसभाऊ, पन्नास वर्षं झाली न बाप्पा, अजून शोधून राहिले का तुम्ही?

रंकाळा

निळूभाऊंचं खरं कसब बघायचं असंल तर 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) बघा. त्यांचा पहिला सिनेमा. झेलेअण्णा! अनंत मान्यांचा सिनेमा, कथा शंकर पाटलांची. त्याआधी 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगात त्यांनी स्टेज गाजवलं होतं. वगात काय असतंय, पब्लिक समोर बसलेलं असतंय, कुठं हसंल, कुठं आवाज टाकंल नेम न्हाई. नटाला तिथल्या तिथं थांबायला, वळायला यावं लागतं. झेलेअण्णात ते दिसतंय. लोक म्हणतात त्यांनी व्हिलन केला. अवो, त्या व्हिलनात बी आधी इनोद हाय. गावातला असला माणूस हसवतच फसवतो, आमी बघितल्यात की.

तर्ककर्कश

थोडं विरजण घालतो, राग मानू नका.

आपण सगळे तेच दहा-बारा सिनेमे घेऊन बसतो : 'सामना', 'सिंहासन', 'पिंजरा', 'जैत रे जैत', 'उंबरठा'. त्यांच्या मागे जे शेकडो निघाले त्यांचं काय? तोच फेटा, तीच मिशी, तोच वाडा, विहिरीवरची तीच बाई आणि शेवटी तोच पश्चात्ताप. निळू फुले थोर होतेच. पण त्यांनीही असले पाटील ढिगाने केले. नक्कल उगाच आकाशातून पडली नाही, पडद्यावर तेवढं वेळा दाखवलं म्हणून ती तयार झाली.

दुसरं, आजच्या प्रेक्षकाला जुना अभिनय नाटकी वाटतो, कारण तो नाटकी आहेच. शब्दन्‌शब्द घोळवून बोलायचं, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं (धागाकर्त्यांचा आयडी योगायोग समजावा). वयाचा मान म्हणून सगळ्यालाच थोर म्हणत बसायचं असेल तर चालू द्या.

शेवटची रांग

@तर्ककर्कश, आयडीवरचा टोमणा पोचला.

शेकड्यांनी रद्दी निघाली हे मान्यच. पण मग माझा प्रश्न उलट जास्तच लागू होतो. त्या रद्दीत हे लोक काय करत होते? सगळा सिनेमा पडलेला असताना एखादाच माणूस उभा असतो, तो कोण, ते सांगा ना.

पारिजात

मी सुलोचनादीदींचं नाव घेते. जून २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा सगळीकडे 'पडद्यावरची आई गेली' असंच छापून आलं. खरंच आहे म्हणा. पण जरा हिशेब मांडून बघा. दीदींचा जन्म १९२८ चा. 'जॉनी मेरा नाम' १९७० चा, त्यात त्या देव आनंदच्या आई आहेत. देव आनंदचा जन्म १९२३ चा! मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि कुणाला खटकलंही नाही. म्हणजे देव आनंद कायम तरुण होता हे जितकं खरं, तितकंच आपण बायांना किती लवकर म्हातारं करून टाकतो हेही खरं.

मराठीत 'एकटी' (१९६८) बघा, राजा ठाकूरांचा. मुलगा आहे काशिनाथ घाणेकर. दीदींपेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी लहान असलेला नट, आणि त्याच्यासमोर त्या अशा उभ्या राहतात की आपण हिशेब विसरतो. त्यांचं रडणं सगळ्यांना आठवतं. मला त्यांचं न रडणं दिसलं या वेळी. मुलाचं बोलणं लागलंय, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही, म्हणून त्या हाताने काहीतरी काम शोधतात. पदर सारखा करतात, भांडं उचलतात. ते हात बघा.

गंमत म्हणजे पुढे घाणेकर खरोखरच त्यांचे जावई झाले. कांचन घाणेकर म्हणजे दीदींची मुलगी.

गुळपोळी

'एकटी' म्हटलं आणि लिंबलोण…

शेवटची रांग

नाही!

गुळपोळी

मी फक्त मिठाचं बोलत होते.

बुधवारातले आप्पा

मुलांनो, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. मी तेव्हा शाळकरी. तमाशापट म्हणून आमच्या घरातून परवानगी नव्हती. पण शेजारच्या काकू आणि आत्या मिळून गेल्या, आणि मला 'बरोबर कुणी पुरुष हवा' म्हणून नेलं. पुरुषाचं वय बारा. लोकांना त्यातली जयश्री गडकर आठवते, साहजिक आहे, तिथून ती वर आली. मी अलीकडे नातवाच्या टॅबवर तो पुन्हा पाहिला आणि पूर्ण वेळ हंसा वाडकरांकडे बघत बसलो. त्या वयात आमचं लक्ष भलतीकडेच होतं, खोटं कशाला बोलू.

हंसाबाई 'लोकशाहीर रामजोशी'त (१९४७) होत्या, तेव्हापासून मोठं नाव. 'सांगत्ये ऐका'त त्या आईच्या भूमिकेत गेल्या. त्यांना दुःख दाखवावं लागत नाही, त्या आवाज खाली आणतात. तमाशातल्या बाईचा आवाज मुळात मोठा, तो खाली आला की काहीतरी मोडलंय हे कळतं. पुढे त्यांनी आत्मकथनालाही याच सिनेमाचं नाव दिलं, आणि त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' (१९७७) केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई तो बघायला नव्हत्या, १९७१ मध्येच गेल्या. तरुण मंडळी 'भूमिका' बघतात. ज्यांची ती गोष्ट, त्यांना एकदा बघा.

रंकाळा

आप्पा, दंडवत. 'बरोबर कुणी पुरुष हवा' हे लई भारी.

पारिजात

आप्पा, असं अजून लिहा ना. आम्हाला घाई नाही.

केरसुणी

@तर्ककर्कश यांच्या 'नाटकी' या मुद्द्याबद्दल.

आपण नाटकी म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे तंत्राची अडचण. १९३०च्या दशकात संवाद शूटिंग चालू असतानाच ध्वनिमुद्रित व्हायचे, माइक वर टांगलेला, नटाने त्याच्या पट्ट्यात राहून स्पष्ट बोलायचं. त्यामुळे बोलण्याला एक घडी पडते. दुसरी गोष्ट खोटेपणा. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

उदाहरण देते : प्रभातचा 'कुंकू' (१९३७). केशवराव दाते. दाते म्हणजे अस्सल रंगभूमीवरचे नट, 'आंधळ्यांची शाळा'वाले. 'कुंकू'त ते काकासाहेब आहेत, बिजवर वकील, मुलीच्या वयाच्या नीरेशी फसवून लग्न केलेला. सिनेमाची हवा सगळी शांता आपटेच्या बाजूने आहे आणि ती आहेच तशी, ठिणगी. दात्यांना खलनायक करून मोकळं होता आलं असतं. ते तसं करत नाहीत. आरशासमोर तरुण दिसायची त्यांची धडपड आधी हसवते, मग आपल्यालाच हसल्याची लाज वाटते. भिंतीवरचं घड्याळ टोले देतं तेव्हा त्यांचा चेहरा बघा. आणि हे लक्षात घ्या की त्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. सगळे आवाज खरे, घरातले, रस्त्यावरचे. म्हणजे नटाच्या मदतीला व्हायोलिन येणार नाही, जे काय करायचं ते त्यानेच. १९३७ साली!

आणखी एक. त्यात काकासाहेबांची मुलगी, सुशीला, शकुंतला परांजपे आहेत. सई परांजपे यांच्या आई. छोटीच भूमिका, पण शिकलेली, सरळ बोलणारी बाई कशी असते ते बघायचं तर ती बघा. तिला 'अभिनय' करावाच लागत नाही.

तर्ककर्कश

'कुंकू'चं मान्य. पण तो शांतारामांचा, प्रभातचा. अपवादाने नियम बदलत नाही.

केरसुणी

मग प्रभातमधलाच पण कुणी नट मानत नाही असा देते. 'संत तुकाराम' (१९३६). तुकाराम झालेल्या पागनीसांबद्दल सगळे बोलतात, त्यांना बघून लोक हात जोडत. पण गौरी! तुकारामाची बायको, जिजाई. घरात दाणा नाही, मूल आजारी आणि नवरा अभंग करतोय. ती हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात जाते. तो प्रसंग कितीही वेळा बघा, त्यात एक अक्षर नाटकी नाही. व्हेनिसला १९३७ मध्ये सिनेमाचं कौतुक झालं ते संतामुळे की त्या बाईमुळे, मला शंकाच आहे.

वऱ्हाडी ठेचा

जिजाईचं तर शंभर टक्के पटलं. आमची आजी म्हनायची, तुकाराम वैकुंठाले गेला, पोराईले कोनं पाहिलं?

रीळमास्तर

अवांतर, पण महत्त्वाचं. तुम्ही हे सगळं बघताय कुठे?

यूट्यूबवरच्या बऱ्याच प्रती भयानक आहेत. जुना सिनेमा साधारण ४:३ चौकटीचा, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १६:९. अपलोड करणाऱ्यांना बाजूच्या काळ्या पट्ट्या सहन होत नाहीत, म्हणून ते एकतर चित्र ताणतात (सगळे नट जाडे) किंवा वरून-खालून कापतात. एका चॅनेलवर जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता, त्यात नायकाचं कपाळ नाही आणि नायिकेचे हात नाहीत. उरलेल्या जागेत चॅनेलचा लोगो, पुढच्या मालिकेची पट्टी आणि तिथीचं वेळापत्रक. पारिजात ताईंनी सुलोचनाबाईंच्या हातांबद्दल लिहिलंय. ते हात कापलेल्या प्रतीत दिसलेच नसते.

तेव्हा एवढं करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार 'मूळ' किंवा ४:३ ठेवा, 'झूम' आणि 'भरा' बंद. एकाच सिनेमाच्या दोन-तीन प्रती असतील तर पहिली पाच मिनिटं तिन्ही बघून मग ठरवा. श्रेयनामावलीतली अक्षरं कडेला कापली गेली असतील तर ती प्रत सोडा. आणि पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर लक्ष ठेवा. १९६४ पासून ते हेच करतायत, रिळं जपणं. मोठ्या पडद्यावर माणसाचा चेहरा बघितल्यावर मोबाइलवरचा चेहरा ओळखीचाही वाटत नाही.

गुळपोळी

नायकाचं कपाळ नाही म्हणजे नशीबच कापलं बिचाऱ्याचं.

स्प्रे नदीकाठी

बर्लिनहून लिहितोय. 'सामना' १९७५ मध्ये इथल्या महोत्सवात आला होता, म्हणून आमच्या मंडळाने गणपतीनंतर एकदा त्याचा खेळ ठेवला. काही जर्मन मित्रही आले. मला धास्ती होती की साखर कारखाना, सहकार, गावातली सत्ता हे त्यांना कळायचं कसं. त्यांना ते फारसं लागलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या दोघांवर. हिंदुराव त्या दारुड्या मास्तरला (डॉ. लागू) घरी आणतो, पाजतो, जेवू घालतो. का? कारण हा माणूस कोण आहे हे त्याला कळत नाही, आणि आपल्या गावात आपल्याला न कळणारं काही असावं हेच त्याला सहन होत नाही. एक बाई नंतर म्हणाल्या, हा पाहुणचार नाही, उलटतपासणी आहे. मला वाटतं एका वाक्यात निळू फुल्यांच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी मराठीतही वाचलं नाही.

आणि डॉ. लागू. आमच्या इथले एक डॉक्टर आहेत, त्यांना मी सांगितलं की हा नट मुळात कान-नाक-घशाचा सर्जन होता, १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्ण वेळ नाटकात आला. ते म्हणाले, घसा कुठपर्यंत ताणायचा हे त्याला माहीत असणारच.

तर्ककर्कश

लागूंबद्दल माझं जुनंच मत आहे. मोठे नट, पण कॅमेऱ्यासमोर त्यांच्यातला 'नटसम्राट' पूर्ण जात नाही. 'पिंजरा'त (१९७२) शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर घेणारा गुरुजी म्हणून ते भारी आहेत, कारण ती गोष्टच तेवढी मोठ्या आवाजाची आहे. 'सामना'त निळू फुले त्यांच्या समोर असले की मला लागूंचा अभिनय दिसतो आणि फुल्यांचा दिसत नाही. दिसत नाही हे कौतुक आहे.

रंकाळा

आता कसं बोलला! पण लागूंवर अन्याय करू नगासा. मास्तर हा माणूसच नाटकी हाय. दारू पिऊन भाषण ठोकणारा जुना सैनिक स्वातंत्र्याचा, तो हळू बोलंल व्हय? आणि ह्या दोघांची पडद्याभायेरची दोस्ती बघा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी दोघं मिळून उभे ऱ्हायले, गावोगाव लढणाऱ्या कार्यकर्त्यांना पैसा मिळावा म्हणून. निळूभाऊ मूळचे सेवा दलाचे. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. ज्या माणसानं पडद्यावर आयुष्यभर गरिबाला छळलं, तो घरी हा असा.

पारिजात

माळी होते हे मला खूप जवळचं वाटतं. आणि तर्ककर्कश दादा म्हणतात तसे 'ढिगाने केलेले पाटील', त्यातही एक गोष्ट बघा. त्यांचा खलनायक कधीच आरडाओरडा करत नाही. सत्ता असलेला माणूस ओरडत नाही, ओरडावं लागतं ज्याची गेली त्याला. हे त्यांनी कुठे बघितलं असेल? बघणाऱ्याच्या जागी उभं राहूनच ना.

शेवटची रांग

वा. बरं, सगळे जाणकार जमलेच आहेत तर मला एक सांगा. "बाई, वाड्यावर या" हे नेमकं कुठल्या सिनेमात आहे?

वऱ्हाडी ठेचा

हे काय विचारनं झालं, सगळ्याच.

शेवटची रांग

एक नाव द्या. नाव, वर्ष, प्रसंग.

मारुतीचा मावसभाऊ

(विचार करतोय…)

गुळपोळी

मी नवऱ्याला विचारलं, तो लगेच नक्कल करायला लागला. सिनेमा विचारला तर म्हणे "तो… वाड्याचा."

रीळमास्तर

जो कोणी रीळ दाखवेल त्याला माझ्याकडून चितळ्यांची बाकरवडी.

मारुतीचा मावसभाऊ

(अजून विचार करतोय…)

केरसुणी

बाकरवडी सुखरूप राहणार असं दिसतंय. तोवर अरुण सरनाईकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. 'मुंबईचा जावई' (१९७०) बघा आणि लगेच पाठोपाठ 'सिंहासन'. पहिल्यात चाळीतल्या दीड खोलीत नव्या बायकोशी चार शब्द बोलायला जागा नसलेला नवरा. हिंदीत त्याचा 'पिया का घर' झाला. दुसऱ्यात मुख्यमंत्री, ज्याला फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. आता त्याचंही तेच, मोकळं बोलायला जागा नाही! तोच देखणा चेहरा, पण मुख्यमंत्र्याच्या चेहऱ्यावर त्याने काही उमटूच दिलं नाही. खुर्चीतला माणूस हसतो तेव्हा तो कशाला हसतोय हे शेवटपर्यंत कळत नाही. १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला. अजून कितीतरी व्हायचं होतं.

रंकाळा

आमच्या कोल्हापूरचा गडी. गाणारे शंकरराव सरनाईक, यशवंत संगीत मंडळीवाले, त्यांचा पोरगा. म्हणूनच 'घरकुल'मधलं ते पप्पांचं गाणं स्वतःच…

शेवटची रांग

रंकाळा, तुम्हीही?

रंकाळा

अवो नट गायला म्हणून सांगितलं. अभिनयाचाच भाग हाय की त्यो!

गुळपोळी

अट मोडली! पंगत बसली! वाढा!

शेवटची रांग

नट स्वतः गायला असेल तर चालेल. तेवढीच सूट.

पारिजात

रंजनाचं नाव घेतल्याशिवाय मला झोप येणार नाही. आजच्या मुलींना ती अशोक सराफबरोबरच्या विनोदी सिनेमांतली आठवते, 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा'. पण 'चानी' (१९७७) आणि 'अरे संसार संसार' (१९८१) बघा. विनोद आणि दुःख दोन्हीत तिचा वेग एकच असतो, ती प्रेक्षकाला तयारीला वेळ देत नाही. १९८७ च्या अपघातानंतर ती चाकाच्या खुर्चीत होती. २००० मध्ये गेली. जी उरली असती ती ज्येष्ठ रंजना कशी असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण 'ज्येष्ठ कलावंत' म्हणतो, पण तिथवर पोचणं हेही सगळ्यांच्या नशिबात नव्हतं.

मारुतीचा मावसभाऊ

दादा कोंडक्यांच्या सिनेमात रत्नमाला. "आये!" एवढी हाक आली की थिएटर हसायचं. दादांचा अर्धा विनोद त्या बाईंच्या गंभीर चेहऱ्यावर आपटून परत यायचा. त्या हसल्या असत्या तर दादा पडले असते. हे कुणी बोलत नाही.

तर्ककर्कश

धागा वाचत 'सिंहासन' लावला. काल अर्धा, आज अर्धा.

रत्नमालांचं निरीक्षण पटलं, पण मला वेगळंच कुणीतरी दिसलं. सतीश दुभाषी. कामगार पुढारी डिकास्टा. तुम्ही सगळे दिगूकडे बघत असाल तर बघा. हा माणूस पडद्यावर आला की बाकीचे मंत्री सिनेमातले वाटतात आणि हा रस्त्यावरून आत आलाय असं वाटतं. शोधलं तर कळलं, 'ती फुलराणी'मध्ये भक्ती बर्व्यांसमोर प्रोफेसर होता तो हाच, आणि १९८० मध्ये गेलाही. म्हणजे 'सिंहासन' आल्यानंतर वर्षभरातच. त्याचं नाटक आता बघणं शक्य नाही. माझ्या वडिलांनी बघितलं होतं, ते हातवारे करून सांगायचा प्रयत्न करतात, पण सांगून काय कळणार.

जुने सिनेमे थोर आहेत असं मी अजूनही म्हणत नाही. लागूंबद्दलचं मतही तेच. पण मराठी नाटकवाल्यांचं काम त्या काळचं कुठे दिसेल, तर ते या सिनेमांच्या कडेकोपऱ्यांत. दोन प्रसंग, एक प्रसंग. दात्यांची 'आंधळ्यांची शाळा' आपल्याला मिळणार नाही, 'कुंकू' मिळतो. घाणेकरांचा 'अश्रूंची झाली फुले'तला लाल्या गेला, 'पाठलाग' आहे. निळू फुल्यांचा 'सखाराम बाइंडर' ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला. तेव्हा नायक-नायिका सोडा, श्रेयनामावली थांबवून वाचा आणि त्यातल्या नाटकवाल्यांना शोधा. मी आता दत्ता भटांपासून सुरू करतोय.

केरसुणी

@तर्ककर्कश, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. 'पाठलाग' (१९६४) बघताना राजा परांजप्यांचं दिग्दर्शनही बघा. याच सिनेमावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला.

बुधवारातले आप्पा

राजाभाऊ परांजप्यांचं नाव निघालं म्हणून लिहितो. 'लाखाची गोष्ट' (१९५२) लागला तेव्हा राजा गोसावी भानुविलास थिएटरात तिकिटं विकायचे, असं आमच्याकडे सगळे सांगत. नायक खिडकीत बसून स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं फाडतोय. लोक तिकीट घेऊन आत जायचे आणि पडद्यावर तोच! त्यांच्या विनोदात जी अजिजी आहे, समोरच्याला 'हो हो, आपण म्हणाल तसं' म्हणत स्वतःचंच खरं करायची, ती मला नेहमी खिडकीत शिकलेली वाटते. शरद तळवलकर आणि त्यांची जोडी यावर सविस्तर लिहायचं आहे. तळवलकरांना तुम्ही 'धूमधडाका'तले वाकडेशेठ म्हणून ओळखता, त्याच्या तीस वर्षं आधीचे तळवलकर तुम्हाला माहीतच नाहीत. उद्या लिहितो. नातवाला टॅब हवा आहे, त्याचा क्लास आहे.

गुळपोळी

आप्पा, नातवाला सांगा धाग्याचा क्लास चालू आहे.

बिनधास्त बाब्या

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण 'अशी ही बनवाबनवी' राहिला का??

शेवटची रांग

त्याचा वेगळा धागा आहे हो. चार वर्षं चालूच आहे.

रीळमास्तर

राहू द्या त्यांना. त्यात सरपोतदार झालेले सुधीर जोशी या धाग्यातच बसतात. तेही नाटकवाले, तेही कडेला उभे. चार हिरो धिंगाणा घालतायत आणि हा घरमालक किती गंभीरपणे फसतोय बघा.

बिनधास्त बाब्या

म्हणजे माझे सत्तर रुपये वारले नाहीत तर!